आयर्विनला किती?

मी सांगलीत राहते, गावभागात. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पावसाळा लागला की घराघरात एकच प्रश्न असतो, आयर्विनला किती? म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटावर आलंय. 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्यामुळे मी दिवसातून चारदा पातळी बघायचे त्यात कुणालाच काही वेगळं वाटलं नाही, मलाही नाही. चाराचे चाळीस कधी झाले ते कळलंच नाही.

तसं हे लहानपणापासून होतं. नववी-दहावीत पेपरला निघताना कंपास सात-आठ वेळा उघडून बघायचे, उत्तरपत्रिकेवर नंबर बरोबर लिहिलाय का हे बघण्यात पहिली दहा मिनिटं जायची. आजी म्हणायची पोरीला मंत्रचळ लागलाय. ओसीडीला, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती परत परत करायला लावणाऱ्या मानसिक आजाराला, मराठीत मंत्रचळच म्हणतात हे मला खूप नंतर कळलं, तेव्हा तो फक्त एक बोलण्यातला शब्द होता. लग्नानंतर बरंच कमी झालं. रात्री गॅस तीनदा बघायचा, एवढंच उरलं होतं.

मग 2019 चा महापूर आला.

2005 ला पाणी आमच्या पायरीपर्यंत येऊन मागे फिरलं होतं, म्हणून ऑगस्ट 2019 ला सगळी गल्ली म्हणत होती पायरीच्या वर येत नाही. आम्ही सामान कॉटवर ठेवलं, महत्त्वाचे कागद लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवले आणि नणंदेकडे विश्रामबागला गेलो. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. परत आलो तेव्हा कपाटाचं दार उघडेना, आतले कागद फुगून दाराला घट्ट बसले होते, ह्यांनी पहारीनं उचकटलं तर लग्नाचा अल्बम, घराचे कागद, लेकीच्या जन्माची फाईल सगळ्याचा मिळून एकच लगदा झाला होता आणि तो वास, गाळाचा, कुजलेल्या धान्याचा, तो महिनाभर नाकातून गेला नाही. त्या दारासमोर उभी असताना माझ्या मनात एक वाक्य आलं, "निघताना अजून एकदा बघितलं असतंस तर वरच्या कप्प्यात ठेवलं असतंस." ते वाक्य तिथंच ठाण मांडून बसलं.

त्यातून सावरतोय तोवर मार्च 2020. आमच्याच जिल्ह्यात इस्लामपूरला पेशंट सापडले आणि आठवड्याभरात आकडा विसाच्या वर गेला. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब बघते, ती बंद, पगार अर्धा, ह्यांचं कामही थांबलेलं. पुढं काय होणार कुणालाच माहीत नाही आणि सगळं जग सांगतंय हात धुवा, पुसून घ्या, काळजी घ्या. आतापर्यंत माझं मन मला जे सांगत होतं तेच आता टीव्ही सांगत होता. मी दुधाची पिशवी साबणानं धुवायचे, मग ज्या हातानं धुतली तो हात, मग नळ, मग नळाला लागलेला हात. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, भाकरी थापताना पीठ आत जाऊन झोंबायचं.

गॅसचं तर काय सांगू. लोकांना वाटतं आम्हाला दिसत नाही म्हणून आम्ही परत बघतो. तसं नसतं हो. बटण बंद आहे हे डोळ्याला स्वच्छ दिसतं, बोटाला कळतं, पण बंद आहे ही खात्री आत उतरत नाही. मग उभं राहायचं बघत, पाच मिनिटं, दहा मिनिटं, खात्री येईपर्यंत. आणि ती यायची नाहीच. मग ह्यांना विचारायचं, बंद आहे ना? ते बिचारे रात्री दोन वाजता उठून सांगायचे, "अगं बंद आहे, झोप."

एका रात्री मी ओट्यापाशी उभी होते आणि मागून लेक आली, सहा वर्षांची, झोपेतच, आणि मी काही न विचारता म्हणाली, "बंद आहे, बंद आहे, बंद आहे. आई आता चल." तीनदा म्हणाली. तिला कळलं होतं की मला तीनदा लागतं. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं मला डॉक्टरकडे न्या.

मिरजेच्या एका मानसोपचार डॉक्टरांनी पहिल्यांदा फोनवरच बघितलं, नंतर प्रत्यक्ष. एक प्रश्नावली असते, 40 पैकी गुण, माझे 27 आले, म्हणजे गंभीर. त्यांनी विचारलं, पाणी 38 फूट आहे हे कळल्यावर किती वेळ बरं वाटतं? मी म्हटलं पाच मिनिटं. "आणि मग?" मग परत बघावंसं वाटतं. म्हणाले, बास, हाच आजार आहे, ती पाच मिनिटं तुम्हाला पुढच्या वेळेला परत तिथंच आणतात. मी म्हटलं पण डॉक्टर पूर खरा आहे, कोरोना खरा आहे. ते म्हणाले, खराच आहे, म्हणून सरकार सांगतंय तेवढं करायचं. वीस सेकंद सांगितलेत तर वीस सेकंद. एकविसावा सेकंद आजाराचा.

हे वाक्य मी धरून ठेवलं.

गोळी सुरू झाली, फ्लुओक्सेटिन. पहिले दोन आठवडे मळमळ आणि छातीत धडधड, मी बंदच करणार होते. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ओसीडीत डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि फरक पडायला आठ ते बारा आठवडे जातात, म्हणून थांबले. दहाव्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून पेरांना झोंबलं नाहीये.

सोबत समुपदेशक बाईंकडे ईआरपी नावाचा उपचार. करायचं काय, तर भीती वाटेल ते करायचं आणि नंतरचा विधी करायचा नाही. गॅस एकदा बंद करायचा, बाहेर पायरीवर येऊन बसायचं, भीतीला दहापैकी गुण द्यायचे आणि परत आत जायचं नाही. पहिल्या दिवशी नऊ होते. पायाखाली मुंग्या आल्यासारखं, कानात ठोके, वाटत होतं आत्ता घर पेटेल आणि ते माझ्यामुळे. चाळीस मिनिटांनी पाच झाले. मी काहीच केलं नव्हतं तरी ते आपोआप उतरले होते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. पुढं काही दिवस उतरायचे नाहीत, तेव्हा न उतरलेली भीती घेऊनच भाजी चिरायची.

घरच्यांसाठी हे फार अवघड गेलं. मी विचारलं की ह्यांनी "माहीत नाही गं" एवढंच म्हणायचं असं ठरलं होतं. मला ते क्रूर वाटायचं, मी रडायचे, ते दुसरीकडे बघायचे. आई म्हणजे सासूबाई मायेपोटी हळूच मान हलवून बंद आहे म्हणून सांगायच्या, त्यांना थांबवायला दोन महिने लागले. (ज्यांना जवळपास कुणी डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी आता 14416 हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, 2022 पासून. आमच्या वेळी नव्हता.)

जून 2021 मध्ये बाईंनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला, डोकं शांत असताना. पातळी सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, दोनदाच. 35 झाले की कागदपत्रांची पिशवी नणंदेकडे. 40 ला सामान माळ्यावर. महापालिकेची गाडी सांगत आली की निघायचं. मेन स्विच एकदा, कुलूप एकदा. तो फ्रीजवर लावला.

आणि जुलैत खरंच पूर आला.

गाडी ओरडत गेली, मी मेन स्विच खाली ओढला, खट् असा आवाज झाला, आणि मी वळले. कुलूप लावलं. कोपऱ्यापर्यंत चालताना पाठ नुसती ओढत होती मागे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. त्या रात्री नणंदेकडे मी नऊ वेळा पातळी बघितली. सकाळी बाईंना फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या ठीक आहे, आज आठला आणि सहाला. त्या दिवशी दोनदाच बघितली.

पाणी 54-55 फुटांपर्यंत गेलं, आमच्या खिडकीला लागलं. परत आलो तर कागदपत्रं नणंदेकडे कोरडी होती, माळाही कोरडा. पण आईंचं शिलाई मशीन खाली पलंगामागे राहिलं होतं, ते गाळात. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि ते जुनं वाक्य आलंच, अजून एकदा बघितलं असतंस तर. मी खराटा घेतला. ते वाक्य दुपारपर्यंत सोबत होतं, संध्याकाळी लेकीला आंघोळ घालताना कधीतरी गेलं.

गोळी अजून चालू आहे, डोस कमी झालाय, डॉक्टरांनीच केलाय. कागद दर वर्षी जूनमध्ये नवीन लिहितो. त्यात 40 फुटाच्या ओळीत आता शिलाई मशीन आहे, एकदाच लिहिलेलं.