तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ज काढून वकिली शिकावी का?

क्लॅटचा, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या तरी मुलीचा लॉ युनिव्हर्सिटीत नंबर लागलेला असतो, फीचा आकडा बघून घरचे हबकलेले असतात, मग "तू पण लोन काढूनच शिकलीस ना, पैसे वसूल झाले का गं?" समोरच्याचा चेहरा बघून मी आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय. आता एकदाच लिहिते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

झाले वसूल. लोन फिटलं, पगार बरा आहे. एवढंच ऐकायचं असेल तर पुढचं वाचू नका.

माझं लोन ७.५ लाखांचं. त्याच्या वर तारण लागलं असतं आणि घर गहाण टाकायला आई तयार नव्हती, म्हणून उरलेलं बाबांच्या पीएफमधून. बाबा सहकर्जदार, मामा जामीनदार. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नाही, हे सगळे मोठ्या कौतुकाने सांगतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं हे जरा हळू आवाजात. हप्ता सुरू झाला तेव्हा आकडा साडेदहा लाखांच्या आसपास गेला होता, म्हणजे दहा वर्षांसाठी महिन्याला जवळपास १४,०००.

आणि मी तेव्हा एका सिनिअरकडे ज्युनिअर होते, महिन्याला ५,०००, तेही सरांना आठवण झाली तर. सर वाईट नव्हते, काम भरपूर शिकवलं, पण "आम्हाला तर सुरुवातीला कुणी चहासुद्धा पाजला नव्हता" हे वाक्य पगारवाढीसारखं दर दिवाळीला मिळायचं. (२०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशातल्या शिखर संस्थेने, ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्या असं परिपत्रक काढलं. शिफारस आहे, सक्ती नाही. काय समजायचं ते समजा.)

तर एके दिवशी बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, आमचं मॅटर सातवं होतं, सर वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात आर्ग्युमेंटला अडकलेले, मी फाइल छातीशी धरून पासओव्हर (मॅटर जरा वेळाने घ्या, अशी विनंती) मागायला उभी आणि कोटाच्या खिशात फोन थरथरतोय, थांबतोय, परत थरथरतोय. पासओव्हर मिळाला. बाहेर येऊन बघितलं तर आईचे मिस्ड कॉल. हप्ता बाउन्स झाला होता, पहिलाच नव्हे, आणि बँकेने या वेळी थेट मामाला फोन केला होता. मामा काही बोलला नाही. मामी बोलली. आईला म्हणाली, "वकील झाली ना ती? मग?" आईने मला हे सांगताना आवाज इतका साधा ठेवला होता की मला कळलं, आधी रडून झालंय. जिन्याच्या वळणावर उभी राहून मी "बघते, बघते" म्हणत होते, तेवढ्यात शिपायाने मॅटर पुकारलं आणि मी आईचा फोन कापून आत पळाले.

पुढच्याच महिन्यात कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये जॉइन झाले. पूर्णवेळ पगारी नोकरी असेल तर वकिली करता येत नाही, त्यामुळे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सस्पेंड करून घेतली. सरांनी अर्ज वाचला, "शहाणी आहेस" म्हणाले, आणि ते कौतुक होतं की टोमणा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

होस्टेलमध्ये मी ज्युनिअर्सना छातीठोक सांगायचे की शिक्षणाचं कर्ज म्हणजे गुंतवणूक, घाबरू नका. त्या मुलीशी मी अजून भांडते. ती म्हणते, अगं पण फिटलं ना? फिटलं. मी म्हणते, बँक एक वर्ष थांबते, कोर्टात जम बसायला कितीतरी जास्त लागतात, त्यामुळे मी कुठली वकील होणार हे मी नाही, हप्त्याने ठरवलं. ती म्हणते, काँट्रॅक्ट वाचणंही वकिलीच आहे आणि तुला ते आवडतं. हे खरंय, आवडतं. मग कुठल्यातरी मैत्रिणीचा हायकोर्टाच्या आवारातला फोटो दिसतो आणि माझा दिवस जातो.

बाबांना मी जज व्हावं असं होतं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनसाठी, म्हणजे जज होण्याच्या पहिल्या पायरीसाठी, तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली, आणि सनद सस्पेंड असतानाची माझी नोकरी काही प्रॅक्टिस नव्हे. म्हणजे तुमच्या मुलीचा प्लॅन "डिग्री झाली की लगेच ज्युडिशियरी" असेल तर ती तीन वर्षं घर कोण चालवणार, हप्ता कोण भरणार, ते आत्ताच कागदावर मांडा.

"मग सरकारी कॉलेजातून स्वस्तात करू दे का?" हेही विचारता. सनद तीच मिळते. कॅम्पसवर येणाऱ्या फर्म्स तिथे फारशा येत नाहीत, पण कोर्टातच जायचं असेल तर त्या फर्म्सचं करायचंय काय?

तुम्ही मला फी सांगता, व्याजदर सांगता, रँक सांगता. तिला कोर्टात उभं राहायचंय की ऑफिसात बसायचंय, हे आजवर एकानेही सांगितलेलं नाही. आधी तिला विचारा, मग मला फोन करा. रविवारी केलात तर बरं, इतर दिवशी मीटिंगा असतात.