अंगठ्यापासून सुरू झालेलं फेफरं

चोपडा तालुक्यातले ४६ वर्षांचे केळीबागायतदार. चार महिन्यांपासून फिट्स येत होत्या, रोज ३०० मिलिग्रॅम फेनिटॉइन चालू होतं. जळगावच्या ओपीडीत फाईल टेबलावर ठेवली आणि माझ्यासमोरच त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा उडायला लागला. "देखा डॉक्टरसाहेब, हाऊ आपोआप हाली ऱ्हायना," असं म्हणत त्यांनी उजव्या हाताने तो दाबून धरला. दाबून थांबला नाही. अंगठ्यानंतर मनगट, मग कोपर, मग तोंडाचा डावा कोपरा. शुद्ध पूर्ण होती. दीड मिनिटात सगळं शांत झालं, पण नंतर सदऱ्याचं बटण डाव्या हाताने लावता येईना. अर्ध्या तासाने पकड परत आली.

निदानाची दिशा याच दीड मिनिटात कळते. आधी बेशुद्ध पडून सगळं अंग झटकणाऱ्या फिट्स आल्या होत्या. फाईलमध्ये तेवढंच लिहिलं होतं. सुरुवात कुठून होते, हे कुणी विचारलंच नव्हतं. मोठ्या माणसाला पहिल्यांदा फेफरं आलं आणि ते एकाच अवयवातून सुरू होत असेल, तर मेंदूच्या त्या जागी काहीतरी आहे, असंच धरून चालायचं. चार महिन्यांपूर्वीचा सीटी कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता काढलेला होता, रिपोर्ट नॉर्मल. साध्या सीटीत लहान गाठ सुटू शकते, शिवाय घातक गाठ काही आठवड्यांतही वाढते.

कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केला. उजव्या बाजूच्या हालचालीच्या पट्ट्यालगत तीन सेंटिमीटरची, जाड आणि वेड्यावाकड्या कडेची रिंग दिसली, भोवती भरपूर सूज. आपल्याकडे रिंग दिसली की आधी मेंदूतला जंत किंवा टीबीची गाठ आठवते, आणि ते चूक नाही. पण जंताची गाठ बहुधा दोन सेंटिमीटरच्या आतली, गोल, पातळ कडेची असते, कधी आत ठिपकाही दिसतो. ही तशी नव्हती. अशा वेळी "बघू या" म्हणून स्टिरॉइड आणि जंतांवरचं अल्बेंडाझोल देऊन पाठवणं मला धोक्याचं वाटतं. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने सूज उतरते, रुग्णाला बरं वाटतं आणि दोन महिने हातचे जातात.

ऑपरेशननंतर तपासणीत ग्लिओब्लास्टोमा निघाला, म्हणजे ग्लिओमा या मेंदूच्या गाठींमधला सर्वांत घातक प्रकार, ग्रेड ४.

मुलाने विचारलं, "मिरगीमुळे गाठ झाली का?" उलट आहे. गाठीच्या पेशी ग्लुटामेट हे मेंदूला उत्तेजित करणारं रसायन सोडतात, भोवतालचा मेंदू चिडतो आणि फिट तिथून उठते. सावकाश वाढणाऱ्या ग्लिओमात फिट्स जास्त आढळतात आणि ग्लिओब्लास्टोमात त्या मानाने कमी. फिट्स कमी म्हणजे गाठ साधी, हा हिशेब चुकीचा.

औषध बदलणं सर्वांत महत्त्वाचं होतं. फेनिटॉइन यकृतातली एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे डेक्सामेथासोन आणि कर्करोगाची बरीच औषधं लवकर संपतात. व्हाल्प्रोएट या फिट्सच्या दुसऱ्या औषधाने प्लेटलेट्स उतरू शकतात, त्यात टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळीचीही भर पडते. म्हणून मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहून लेव्हेटिरासिटाम ५०० मिलिग्रॅम दोनदा सुरू केलं, पुढे १००० दोनदा नेलं आणि फेनिटॉइन हळूहळू काढलं. एकदम बंद केलं तर फिट्स थांबता न थांबण्याचा धोका असतो. बायकोला आधीच सांगून ठेवलं की या गोळीने काहींचा स्वभाव चिडका होतो. तसं झालं तर गोळी बंद करायची नाही, फोन करायचा. फिट कधीच न आलेल्या गाठीच्या रुग्णाला मात्र केवळ भीतीपोटी ही औषधं महिनोन्महिने देऊ नयेत.

घरच्यांना कांदा हुंगवायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं हे शिकवलं. पाच मिनिटांवर गेलं तर मिडॅझोलामचा नाकातला स्प्रे: किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १०. ट्रॅक्टर आणि विहिरीवरची मोटर बंद. या शेवटच्या गोष्टीवर ते बराच वेळ गप्प होते.

रेडिएशनचे ३० डोस, एकूण ६० ग्रे, सोबत टेमोझोलोमाइड. ते संपून दोन महिन्यांनी अंगठा परत उडायला लागला. आधी गोळ्यांचं पाकीट मोजलं: एकही डोस चुकला नव्हता. स्टिरॉइडचा डोस दहा दिवसांपूर्वी उतरवला होता. एमआरआयमध्ये रिंग थोडी मोठी दिसली. पण रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत नुसत्या सुजेनेही तसं दिसतं, म्हणून गाठ वाढली असं लिहिलं नाही. डेक्सामेथासोन पुन्हा सुरू केलं, लेव्हेटिरासिटाम १५०० दोनदा केलं आणि पुढच्या एमआरआयची तारीख सहा आठवड्यांनंतरची दिली.