आधी कॅसेटी, मग विंडोज

ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर गेला की बत्ती कधी जाईल याचा नेम नसतो. जनकगंजातल्या माझ्या काकांकडे ती गेली तेव्हा विंडोजचं अपडेट चालू होतं आणि एक रेकॉर्डिंगही सेव्ह होत होतं. बत्ती परत आली, कॉम्प्युटर काही आला नाही.

"अगं, गोल गोल फिरतं, ऑटोमॅटिक रिपेअर म्हणतं आणि परत काळं होतं," काकांचा फोन. बाड्याजवळच्या एका दुकानदारानं कॉम्प्युटर न बघताच निकाल देऊन टाकला होता: फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकू, तासाभराचं काम.

काका माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले. भातखंड्यांच्या पुढाकारानं 1918 मध्ये सुरू झालं, तेच. गुरुजींच्या तालमीच्या कॅसेटी त्यांनी या एकाच डिस्कवर उतरवल्या होत्या आणि बुरशी लागलेल्या कॅसेटी फेकूनही दिल्या होत्या. मी म्हटलं, "काका, कुणालाही हात लावू देऊ नका. मी येते."

गेल्यावर आधी वायर काढली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, प्रिंटर वगैरे सगळं सोडवलं. फरक शून्य. पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, डिस्कचं नाव दिसत होतं आणि डिस्कमधून टकटक आवाज येत नव्हता. तो आला असता तर तिथेच थांबून डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेले असते.

चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, सगळेच सुचवतात. मला ते लगेच नको होतं. दुरुस्ती करताना चेकडिस्क डिस्कवरच लिहितं. तुटलेल्या नोंदी जुळवताना काही फायली कापूनही टाकू शकतं. म्हणून माझ्या लॅपटॉपवर उबंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा, पेनड्राइव्ह बनवला आणि काकांचा कॉम्प्युटर त्यावरून चालू केला, इन्स्टॉल न करता. डिस्क उघडेना. ती नीट बंद झाली नाही अशी खूण तिच्यावरच असते, तिला डर्टी बिट म्हणतात, आणि ती बघून उबंटू बिचकत होतं. टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून ती 'फक्त वाचायला' म्हणून जोडली तेव्हा फोल्डर दिसले. मारवा, भूप, हमीर... काकांनी चष्मा पुसला.

तासाभराचं वेव्ह रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाचं असेल तर 600 एमबीच्या वर जातं. बाहेरच्या डिस्कवर कॉपी रात्रभर चालली. काकू मधूनमधून येऊन विचारायच्या, "झालं का गं?"

सकाळी दुरुस्ती. विंडोजच्या रिकव्हरी स्क्रीनवरचं स्टार्टअप रिपेअर हात वर करून मोकळं झालं. मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजचं टर्मिनल. इथे बरेच जण फसतात: या स्क्रीनवर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. काकांचं विंडोज 'सी'वर नव्हे, 'डी'वर दिसत होतं. डिस्कपार्ट या आज्ञेनं डिस्कच्या भागांची यादी बघून खात्री केली आणि मग 'डी'वर चेकडिस्क चालवलं, स्लॅश एफ लावून, म्हणजे चुका दुरुस्त करायला सांगून. स्लॅश आर लावला की ते सगळी डिस्क वाचत बसतं, त्यात मोठ्या डिस्कचे कित्येक तास जातात. तो लावला नाही. इंडेक्सच्या, म्हणजे फोल्डरमधल्या फायलींच्या यादीच्या, चुका निघाल्या, दुरुस्त झाल्या. त्यानंतर रीस्टार्ट. अपडेट पूर्ण झालं नाही, बदल मागे घेतोय, असा निरोप बराच वेळ अडकून राहिला. काका बटणाकडे हात न्यायचे, मी तो धरायची. शेवटी डेस्कटॉप आला.

जे रेकॉर्डिंग तेव्हा सेव्ह होत होतं ते मात्र गेलं. फाइल होती, आकारही बरोबर होता. लावली तर नुसती शांतता. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत, फायलींच्या नोंदी जर्नलमधून, बदलांच्या रोजनिशीतून, सावरते, आतला मजकूर नाही. अजून रॅममध्येच असलेलं बत्तीबरोबर उडालं. "बंदिश आहे, पण सम येतच नाही," काका म्हणाले. नशीब, तिची कॅसेट अजून कपाटात होती.

यूपीएस होता की घरी! त्याची बॅटरी कधीचीच मेलेली, आणि त्याची टूं-टूं रियाजात खुपते म्हणून काकांनी तो काढून ठेवलेला. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसवली. काकांचा प्रिंटर लेझरचा, सुरू होताना एकदम फार वीज ओढतो, म्हणून त्याला भिंतीतलाच सॉकेट दिला. टूं-टूंवर काकांची तक्रार कायम आहे. म्हणतात, "कंपनीवाल्यांना निदान षड्जात तरी ठेवता आली असती."