ड्रेस्डेनच्या बाजारातील लाकडी कडे

शनिवारी संध्याकाळी जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या मुख्य चौकात भरणाऱ्या नाताळच्या बाजारात आपल्या पावलांवर आपला ताबा राहत नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांची लाकडी दुकाने रांगेने उभी असतात, त्यांच्यामधून सरकणारी गर्दी जिकडे नेईल तिकडे जावे लागते आणि एखाद्या दुकानापाशी थांबून काही नीट पाहावे म्हटले, तर पाठीमागून येणारा रेटा थांबू देत नाही. ताई आणि मी एकमेकींचा हात घट्ट धरून चौकाच्या एका टोकाला शिरलो आणि फ्राउएनकिर्खे या जुन्या चर्चच्या पायऱ्यांशी बाहेर पडलो, तोवर आम्ही जे पाहिले ते बहुतांशी समोरच्या माणसांचे कोट होते. याचे वाईट अधिक वाटले, कारण हा बाजार आपल्या परंपरेला मनापासून जपणारा आहे. त्याचा लेखी पुरावा 1628 सालापर्यंत मागे जातो, येथे दुकानांवर प्लास्टिकच्या पानांच्या माळा चालत नाहीत, ध्वनिमुद्रित गाणी वाजवू दिली जात नाहीत आणि तारेच्या सांगाड्यावर सुकवलेले आलुबुखार ओवून, अक्रोडाचे डोके बसवून केलेल्या छोट्या बाहुल्या अजूनही विकल्या जातात. इतक्या काळजीने मांडलेली गोष्ट कोणालाही धड पाहता येऊ नये, ही मला त्या संध्याकाळची सर्वांत मोठी खंत वाटली.

मोठ्या शहरांतील नाताळच्या बाजारांविषयी माझी जी तक्रार आहे, ती तेथेच मनात पक्की झाली. मसाले घालून गरम केलेल्या वाइनच्या दुकानांपुढे सर्वाधिक झुंबड असते. मगासाठी वेगळी अनामत द्यावी लागते आणि मग परत केल्यावर ती परत मिळते, त्यामुळे त्याच खिडकीपुढे घेणाऱ्यांची आणि परत करणाऱ्यांची अशी दुहेरी गर्दी होते. थंडीत उभ्या असलेल्या माणसाला त्या वाफाळत्या मगाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटली, आणि मुलांसाठी मद्यविरहित फळांच्या रसाचा जो गरम मसालेदार प्रकार मिळतो तो मी आवडीने प्यायले. तरीही पेयांच्या दुकानापासून चार पावलांवर लाकूड, काच किंवा मेण हाताने घडवणारा कारागीर ग्राहकाची वाट पाहत उभा असतो आणि लोक हातातला मग सांभाळत त्याच्या दुकानाला पाठ करून गप्पा मारत असतात, हे दृश्य मला पुन्हा पुन्हा खटकत राहिले.

ड्रेस्डेनला आम्ही मुद्दाम आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी बाजार उघडण्याच्या वेळेस गेलो आणि या एका निर्णयाने सारा प्रवास बदलला. आल्टमार्क्ट चौकातील हा बाजार 1434 साली सुरू झाला. या भागाचा, म्हणजे सॅक्सनीचा, तेव्हाचा शासक फ्रीड्रिख दुसरा याने नाताळच्या आधीच्या सोमवारी एक दिवसाच्या मांसबाजाराला परवानगी दिली होती, म्हणजे उपवासाचा काळ संपवताना लोकांना सणाच्या जेवणाची तयारी करता यावी. पुढे त्यात इतर वस्तू येत गेल्या आणि ज्यासाठी हे शहर आज ओळखले जाते तो श्टोलेन हा सुक्या मेव्याचा जड, साखरेने माखलेला पावही आला. त्या उपवासाच्या दिवसांत लोणी वर्ज्य असल्याने हा पाव एके काळी तेलात करावा लागे आणि तो अगदीच बेचव होई. रोमहून लोणी वापरण्याची मुभा मिळवण्यासाठी सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांना पोपकडे विनंती करावी लागली आणि 1491 मध्ये ती मिळाली. ताईने त्याचा एक मोठा तुकडा घेतला, आम्ही तो उभ्या उभ्या खाल्ला, आणि लोण्यासाठी पोपपर्यंत जाण्याचा त्या लोकांचा आग्रह मला पूर्णपणे पटला.

चौकाच्या मध्यावर 14 मीटरहून उंच लाकडी मनोरा आहे, त्याच्या मजल्यांवर आकृत्या गोल फिरत असतात आणि येणारा प्रत्येक जण तेथे थांबून छायाचित्र घेतो. आम्हीही घेतले. परंतु ज्याच्यासाठी मी हे सारे लिहायला बसले आहे, ते त्या मनोऱ्यापासून जरा दूरच्या रांगेत, एका लहान दुकानाच्या फळीवर ठेवलेले होते.

ते लाकडाचे एक कडे होते. ताटाएवढे रुंद, रंग न दिलेले, कडेने विचित्र खाचा असलेले. शेजारी बोटाच्या पेराएवढे घोडे, गाई आणि मेंढ्या ओळीने मांडल्या होत्या आणि या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असे माझ्या मनातही आले नाही. दुकानात एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची नात होती. मी कड्याकडे बोट दाखवल्यावर आजोबांनी काही न बोलता ते उचलले, त्याच्यावर सुरी उभी धरली, छोट्या हातोडीने एक टोला दिला, पुन्हा थोड्या अंतरावर दुसरा टोला दिला आणि केकचा काप निघावा तसा एक तुकडा सुटून त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी तो आडवा करून माझ्यापुढे धरला, तेव्हा मान, पाठ, पोट आणि चार पायांची बाह्यरेषा असलेला घोडा माझ्यासमोर होता. ते अख्खे कडे घोड्यांनी भरलेले होते आणि बाहेरून त्यातला एकही दिसत नव्हता.

ही कला झायफेन नावाच्या गावची आहे, असे नातीने आम्हाला इंग्रजीत समजावून सांगितले. ड्रेस्डेनच्या दक्षिणेला, चेक सीमेलगतच्या एर्ट्‌सगेबिर्गे डोंगरांत हे गाव आहे. स्प्रूस झाडाच्या खोडाची ओली चकती कातयंत्रावर चढवतात. लाकूड वाळले तर ते तडकते, म्हणून खोड पाण्यात भिजत ठेवतात. चकती वेगाने फिरत असताना कारागीर हत्यारांनी तिच्यात खाचा पाडत जातो, आधी एका बाजूने आणि मग चकती उलटून दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी तिचे कडे होते. खाच किती खोल गेली म्हणजे पोट होईल, कोठे वळवले म्हणजे मान निघेल, हे त्याला काम चालू असताना डोळ्यांना दिसत नाही. आकार कळतो तो कडे फोडल्यावरच. तोवर हाताला असलेली सवय आणि मनात असलेले चित्र यांच्याच भरवशावर त्याला जावे लागते. सुटे झालेले तुकडे आतल्या बाजूला थोडे निमुळते असतात, मग प्रत्येकाच्या कडा सुरीने गोल करतात, कान, शिंगे, शेपूट चिकटवतात आणि ब्रशाने रंग देतात. हे पूर्णपणे जाणणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत.

आम्ही तेथे बराच वेळ उभ्या राहिलो. आजोबांनी मला तो घोडा हातात धरू दिला, त्याचा ओलसर वास घेऊ दिला, मग रंगवलेला घोडा त्याच्या शेजारी ठेवला आणि कच्च्या लाकडापासून डोळ्याच्या ठिपक्यापर्यंतचा सगळा क्रम एकेक तुकडा मांडून दाखवला. त्या वेळात दुकानासमोरून कितीतरी माणसे गेली. काहींनी घोड्याची किंमत पाहून मान हलवली आणि एवढ्याशा खेळण्याला इतके पैसे, असे काहीसे ते आपसांत बोलले असावेत. कड्याकडे कोणीही पाहिले नाही. त्या घोड्यासाठी द्यायचे युरो मला त्या क्षणापासून एकदाही जास्त वाटले नाहीत आणि त्यावर घासाघीस करण्याचा विचारही मला सहन झाला नसता.

झायफेन हे मुळात कथिलाच्या खाणींचे गाव होते. खाणी आटत गेल्या तशी माणसे लाकडाकडे वळली. खनिज कुटणाऱ्या गिरण्यांसाठी वळवलेल्या पाण्यावर कातयंत्रे फिरू लागली आणि खाणकामगारांची घरे खेळणी करू लागली. हे कळल्यावर त्या बाजारातील बाकीच्या वस्तूही मला उलगडू लागल्या. खिडकीत ठेवायच्या लाकडी कमानीवर ओळीने दिवे का असतात आणि हातात मेणबत्त्या धरलेल्या खाणकामगाराची बाहुली इतक्या दुकानांत का दिसते, याचे उत्तर त्या डोंगरांतील हिवाळ्यात आहे. पहाटे अंधारात खाणीत उतरणारा आणि सूर्य मावळल्यावर वर येणारा माणूस दिवसच्या दिवस उजेड पाहत नसे. घरच्या खिडकीत दिसणारा दिवा त्याच्यासाठी फार मोठा आधार असे.

बर्लिनमध्ये एका ठिकाणी गर्दी आपण होऊन थांबलेली मी पाहिली. ब्राइटशाइडप्लाट्‌स चौकात, महायुद्धातील बॉम्बवर्षावात मोडलेल्या चर्चच्या मनोऱ्याखाली हा बाजार भरतो आणि 19 डिसेंबर 2016 रोजी येथेच एका हल्लेखोराने गर्दीत ट्रक घुसवून माणसे मारली. चर्चच्या पायऱ्यांमधून सोनेरी धातूने भरलेली एक भेग काढली आहे आणि पायऱ्यांवर मृतांची नावे त्यांच्या देशांसह कोरली आहेत. हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी बाजार पुन्हा उघडला होता. नावांपाशी लोक हातातले खाणे बाजूला धरून वाचत होते, मुलांना हळू आवाजात काही सांगत होते, आणि बाजाराभोवतीचे काँक्रीटचे अडथळे त्यानंतर मला अडचणीचे वाटले नाहीत.

व्हिएन्नाच्या नगरभवनापुढील बाजार भव्य आहे, रोषणाई अप्रतिम आहे आणि माझ्या मनात त्यातले फारसे काही राहिले नाही. त्याच शहरातील श्पिटेलबेर्ग भागाच्या जुन्या गल्ल्यांतील लहान बाजार मात्र मला मनापासून आवडला, कारण तेथे दुकानदाराशी बोलायला जागा होती.

कोणाला एकाच शहरात जाणे शक्य असेल, तर मी ड्रेस्डेनचे नाव घेईन आणि शनिवार-रविवार टाळून सकाळीच जाण्याचा आग्रह धरीन. रोषणाई संध्याकाळी अधिक खुलते हे खरे आहे, परंतु कारागिरांना बोलायला सवड सकाळीच असते. डोंगरांतील लाकूडकामाचे दुकान दिसले की कडे आहे का, असे अवश्य विचारा, आणि फोडून दाखवायला त्यांनी होकार दिला तर एखादे जनावर विकत घ्या. माझ्याकडे आता दोन घोडे आहेत, एक रंगवलेला आणि एक आजोबांनी माझ्यासमोर कड्यातून काढलेला, आणि पुढच्या डिसेंबरात ताईला घेऊन थेट झायफेनलाच जाण्याचा माझा विचार आहे.