उलटीचं सिरप आणि आखाजीची ती रात्र

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी दरवर्षी माहेरी जाते, अमळनेरजवळ आमचं गाव आहे. यंदाही दोन दिवस आधीच लेकाला घेऊन पोचले, निंबाला झोका बांधलेला, भाचरं सगळी जमलेली, आमरस, सांजोऱ्या, खापरावरचे मांडे, नुसती धमाल. ऊन मात्र असं की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. आणि त्याच रात्री माझ्या चार वर्षांच्या पोराला उलट्या सुरू झाल्या. पहिली झाली तेव्हा वाटलं रस जास्त झाला असेल, पण तासाभरात चार झाल्या, पाणी दिलं की पाणी बाहेर, वर दोन जुलाब.

माय म्हणे, "पोऱ्या कोमायी गया वं," म्हणजे पोरगा पार कोमेजून गेला. वहिनीनं फ्रीजमधून उलटीच्या सिरपची बाटली काढली, मागच्या पावसाळ्यात भाचीसाठी आणलेली, मापाचं झाकण कधीच हरवलेलं. मी इतकी घाबरले होते की स्टीलचा चमचा भरून दिला आणि लगेच वरून अर्धा ग्लास पाणी पाजलं. पाच मिनिटांत सगळं बाहेर. मी परत चमचा भरला, तेही बाहेर. तिसऱ्यांदा भरणार तेवढ्यात दादानं माझा हात धरला आणि अमळनेरच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला.

त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "ताई, बाटलीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं नाव आहे ते वाचा." वाचलं तर डोम्पेरिडोन. तोपर्यंत माझ्यासाठी उलटीचं सिरप म्हणजे उलटीचं सिरप, सगळी एकच. तसं नाहीये. ऑन्डॅन्सेट्रॉन वेगळं, डोम्पेरिडोन वेगळं, मेटोक्लोप्रामाइड वेगळं. डोम्पेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून २०१४ मधे युरोपच्या औषध नियामकानं त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या, आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स चालू असतील तर ते द्यायचंच नसतं. मेटोक्लोप्रामाइडनं काही मुलांची मान वाकडी होते, डोळे वर फिरतात. म्हणजे एका पोराची उरलेली बाटली दुसऱ्या पोराला देणं किती चूक, आणि आम्ही तर घरोघरी तेच करतो!

डॉक्टर म्हणाले आता घरचं काहीच देऊ नका, आत्ताच घेऊन या. रात्री साडेअकराला मोटरसायकलवर मधे पोराला घेऊन निघालो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, छाती ऐकली, वजन केलं, १४ किलो. आधी दोन-तीन तास नुसते ओआरएसचे, म्हणजे पाकिटातली मीठ-साखरेची पावडर घातलेल्या पाण्याचे, घोट देत बसवून ठेवलं, तरी उलट्या थांबेनात तेव्हा ऑन्डॅन्सेट्रॉनचं सिरप दिलं. त्याच्या बाटलीवर लिहिलेलं असतं ५ मिलीमधे २ मिलिग्रॅम. त्याच्या वजनाला २ मिलिग्रॅम लागत होतं, म्हणजे ५ मिली. इथे नीट लक्ष द्या, मिलिग्रॅम आणि मिली या दोन गोष्टी आहेत. चिठ्ठीवर '२' दिसला म्हणून २ मिली दिलं तर औषध निम्म्याहून कमी जातं, आणि उलट गोंधळ झाला, ५ मिलीच्या जागी ५ मिलिग्रॅम समजून दिलं, तर दुपटीच्या वर. डॉक्टरांकडून आकडा मिलीमधेच लिहून घ्या, आणि तो आकडा त्या पोराच्या त्या दिवसाच्या वजनाचा आहे, माझा वाचून तुमच्या घरी वापरू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर स्वतःहून अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी मी मायच्या स्वयंपाकघरातले तीन चमचे घेतले आणि सुई नसलेल्या सिरिंजनं पाणी मोजून पाहिलं. एकात ३ मिली मावलं, एकात ५, आणि मी रात्री वापरला होता त्यात साडेसात! मेडिकलवर ५ मिलीची सिरिंज अगदी थोड्या पैशात मिळते, ती गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू सोडायची, घशात एकदम नाही.

आता खरं सांगायचं ते. हे सिरप आजार बरा करत नाही. त्याचं काम एवढंच की पोटात ओआरएस टिकावं. सिरप दिल्यावर १५-२० मिनिटं काहीच द्यायचं नाही, मग एकेक छोटा चमचा ओआरएस, दर एक-दोन मिनिटांनी, पोरगं ग्लास मागून रडलं तरी चमचाच. मी त्या रात्री जो अर्धा ग्लास ओतला ना, त्यानंच उलटी झाली असं डॉक्टर म्हणाले. १५ मिनिटांच्या आत सिरप बाहेर पडलं तर फोन करून विचारायचं, पुन्हा द्यायचं का ते तेच सांगतील. नंतर पडलं तर परत नाही. जुलाब थोडे वाढू शकतात, त्याला घाबरायचं नाही, ओआरएस चालू ठेवायचं. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीत, आणि केलेलं २४ तासांनी फेकायचं. दुकानात ओआरएस म्हणून मिळायचे ते गोड टेट्रापॅक वेगळे, ऑक्टोबर २०२५ मधे एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ओआरएस असं लिहायलाच मनाई केली.

आणि काही वेळा सिरप शोधत बसायचंच नाही, सरळ दवाखाना गाठायचा. उलटी हिरवी किंवा रक्ताची, पोट फुगलेलं किंवा खूप दुखतंय, डोक्यावर पडल्यावर उलट्या, ताप आणि मान आखडलेली, सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, पोर सुस्त पडलंय. गाडी नसेल तर १०८. घरात कुणाला जन्मापासून हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, ऑन्डॅन्सेट्रॉनलाही तो विषय लागू आहे.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पोरं ओकतात ना, त्याला हे सिरप फारसं लागू पडत नाही, गाडी लागण्याची औषधं वेगळी असतात आणि ती निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी लागतात, तीही विचारूनच.

पोरगा तिसऱ्या दिवशी झोक्यावर होता. निघायच्या आधी मी दादाकडची ती जुनी बाटली टाकून दिली. नव्या बाटलीवर ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलंय, आणि आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. म्हणून ती मधल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, खोलीतल्या उंच कोनाड्यात ठेवली, पोरांचा हात पोचत नाही तिथे. बाटलीवर पोराचं नाव आणि उघडल्याची तारीख पेनानं लिहिली आणि सिरिंज रबरानं बांधली. मायला दाखवलं, तिनं तारीख दोनदा मोठ्यानं वाचली.