पाय नसलेली पाखरं

सोलापुरात बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घरात पाळण्यावर टांगायचं एक चिमणाळं होतं. मधोमध लाकडी मोर आणि भोवती आठ राघू. मूल धरून उभं राहायला लागलं की पहिला हात राघूवर आणि मग राघू थेट तोंडात. अशा तीन पिढ्या झाल्या. हिरवा रंग आमच्या पोटात गेला, चोची झिजल्या, एकाचं तर डोकं बोराएवढं उरलंय. परवा माळा आवरताना ते हाती आलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं, की एकालाही पाय नाहीत.

दोऱ्याला लटकणाऱ्या पाखराला पाय हवेत कशाला, म्हणा! पण मला खूळ लागलं. जिथं लाकडी पाखरू दिसेल तिथं आधी पाय बघायचे.

रशियाच्या उत्तरेला, अर्खांगेल्स्ककडे, पाइनच्या लाकडातून पक्षी काढतात. ओलसर लाकूड चाकूने रेषेरेषेनं चिरत जायचं, पानासारखे पातळ पापुद्रे सुटे करायचे, पण बुडाशी अखंड ठेवायचे. मग एकेक पापुद्रा वळवून शेजारच्याच्या खाचेत अडकवला की पंख पंख्यासारखा उलगडतो. ना खिळा, ना सरस. जेवणाच्या टेबलावर छताला टांगतात, आणि खालून गरम हवा वर आली की तो आपोआप फिरतो. पाय नाहीतच. मीही लिंबाच्या फांदीवर प्रयोग केला. सोलापूरचा मे महिना आणि ओलं लाकूड! दुपारपर्यंत फांदी वाळून कडक, आणि चौथ्या पापुद्र्याला काडकन तुकडा. तो पक्षी थंड मुलखातच बरा.

अमेरिकेतली लाकडी बदकं तर मुळात फसवायला जन्मली. तळ्यात तरंगत सोडायची, आकाशातल्या खऱ्या बदकांना वाटावं खाली आपली माणसं आहेत, की शिकारी टपलेलाच. नेवाडातल्या एका गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची अशी बदकं सापडली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. १९१८ च्या कायद्यानं स्थलांतरी पक्षी मारून विकायला बंदी आली. पुढं हळूहळू ही लाकडी बदकं पाण्यातून निघून दिवाणखान्यातल्या फळीवर जाऊन बसली. कोरणारेही मग एकेक पीस रंगवण्यात रमले. पण पाय? पाण्यावरच्या बदकाचे पाय दिसतात कुणाला? पोटाखाली शिशाचा तुकडा ठोकला की झालं.

आणि मग आठवला आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ पासून अभयारण्य आहे. हल्ली तिथं तो दिसला तर बातमी होते. मीटरभर उंच, दहा-पंधरा किलोचा नर, काळी टोपी, पांढरी मान. आमच्या दारांवर मोर, पाळण्यावर राघू, चादरीवरही मोरच. जिल्ह्याचा खरा पक्षी मात्र मी तरी कुठं कोरलेला पाहिला नाही. पुन्हा त्याला मागचं बोटच नसतं, त्यामुळं फांदी धरता येत नाही आणि झाडावर बसणं नाही. मग कमानीवर, वेलीवर, तोरणात त्याला बसवणार कुठं? त्याचा सगळा संसार पायांवर.

शेवटी ओळखीच्या सुतारकाकांना गाठलं. फोटो बघून म्हणाले, "काय सर, शहामृग करायलाव का?"

"माळढोक हाय ओ. आपल्या नान्नजचा."

"आमच्या वडलांनी बघितलेला. रानात वखर चालू असला तरी लांब उभारून बघत ऱ्हायचा म्हणे." मग त्यांनी सागाचा तुकडा उचलला. धड झकास उतरलं, मानेचा बाकही. पाय मात्र दोनदा मोडले, कारण लाकडाची रेष आडवी आलेली. तिसऱ्यांदा बांबूच्या काड्या तासून बसवल्या. टेबलावर ठेवला, तर तोंडावर आपटला. मान जड.

"पाटावर खिळ्यानं ठोकू का?" मी विचारलं.

काकांनी त्याला उचलून कानशिलावरचा भुसा फुंकला. "पळणारं पाखरू म्हणताव आणि खिळा मारायलाव व्हय?"

सध्या तो कपाटात आहे, चिमणाळ्याशेजारी, आडवा.