तुम्ही विचारलंत म्हणून: फेऱ्या मोजायला माणूस कशाला?

दर वर्षी शर्यतीच्या सकाळी कुणी ना कुणी आमच्या टेबलापाशी येऊन विचारतंच. बुटाला चिप आहे, रस्त्यावर मॅट आहे, धावक मॅटवरून गेला की स्क्रीनवर आकडा येतो. मग हे तक्ते आणि पेन्सिली घेऊन तुम्ही काय करता? घाईत उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आमची शर्यत लहान आहे. तळ्याभोवतीचा डांबरी रस्ता, ५ किलोमीटरची एक फेरी, अशा दहा. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्यापुढचं सगळं अल्ट्रात धरतात, आणि त्यातलं ५० किलोमीटर हे सगळ्यांत लहान रूढ अंतर.

मोजणी शर्यतीच्या कितीतरी आधी सुरू होते, कारण आधी फेरीच खरी असायला हवी. गोल रस्त्यावर चूक दहा वेळा गिरवली जाते. फेरी १० मीटर कमी भरली, तर शेवटी १०० मीटर कमी. म्हणून रस्ता सायकलने मोजतो. पुढच्या चाकाला एक मोजणीयंत्र लावलेलं असतं. चाक एकदा फिरलं की त्यात वीसेक आकडे सरकतात. आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून किती आकड्यांचा एक किलोमीटर होतो ते ठरवायचं, आणि रस्ता मोजून झाल्यावर पुन्हा त्याच पट्ट्यावर ताडून पाहायचं, कारण उन्हाने टायर फुगतो आणि आकडे बदलतात. सायकल न्यायची ती धावकाला शक्य असलेल्या सगळ्यांत जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. वर दर १००० मीटरमागे १ मीटर जास्तीचा. म्हणजे आमच्याकडे दहा फेऱ्यांत ५० मीटर जास्त पडतात, पण कमी पडत नाहीत.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. तळं केवढंही असो, तुम्ही त्या जवळच्या रेषेपासून सबंध फेरीभर १ मीटर बाहेरून धावलात, तर जवळपास ६.३ मीटर जास्त धावता. दहा फेऱ्यांत ६३. अनुभवी धावक पाण्याच्या बाजूची कड सोडत नाहीत ते उगाच नाही.

आता तक्ता. प्रत्येक धावकाची एक ओळ, प्रत्येक फेरीचा एक चौकोन, त्यात घड्याळातली वेळ आणि शेजारी त्या फेरीला लागलेली मिनिटं. धावकाने जाताना आपला नंबर मोठ्याने सांगायचा आणि आमची मान हललेली पाहूनच पुढे जायचं.

काही वर्षांपूर्वी एक धावक टेबलासमोर आली. मी तक्ता पाहून म्हटलं, ‘सहा झाल्या.’ ती थांबली. ‘सात ना हो?’ तिच्या चिपची पट्टी तुटून चिप वाटेत कुठेतरी पडली होती, त्यामुळे स्क्रीनवरही काही नव्हतं. ती वाद घालत बसली नाही. चार तासांहून जास्त धावलेल्या माणसाचा स्वतःच्या मोजणीवर विश्वास उरत नाही. डोळे भरून आले तिचे, आणि ती तशीच निघाली. मी पुन्हा ओळ वाचली. ३६, ३६, ३७, ३८, ३९, ८१. त्या ८१ मध्ये दोन फेऱ्या होत्या. ती एकदा आमच्यासमोरून गेली होती आणि मी त्या वेळी खाली वाकून दुसऱ्या कुणाच्या बुटाची नाडी बांधत होते. सायकलवरून एकाला तिच्यामागे पिटाळलं, ‘सातच आहेत, आमची चूक’ एवढं सांगायला. तो गेला नसता तर तिने अकरा फेऱ्या मारल्या असत्या.

तेव्हापासून तक्त्यावर बसलेल्या माणसाने उठायचं नाही, कुणी कितीही हाक मारो. मदतीला दुसरा माणूस.

पण चिप कधीच पडली नाही, तरी मी माणूस बसवीनच. चिपला नंबर कळतो, चेहरा दिसत नाही. फेरीला ४० मिनिटं घेणारा ५५ मिनिटं झाली तरी आला नाही, तर सायकल उलट्या दिशेने निघते. आणि आल्यावर त्याचा नंबर सांगताना शब्द अडखळतात का, बोटं सुजली आहेत का, हे पाहावं लागतं. साधं पाणी प्रमाणाबाहेर पिऊन रक्तातलं सोडियम उतरतं, आणि भोवतीची मायाळू माणसं अशा धावकाला आणखी पाणीच पाजतात. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली रक्त तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं निघालं होतं. त्यामुळे गोंधळलेला धावक दिसला की आमच्याकडे पेला पुढे करायच्या आधी डॉक्टरला हाक जाते. दर ५ किलोमीटरला तोच चेहरा पुन्हा दिसतो, म्हणून फरक लगेच कळतो. सरळ लांब रस्त्यावरच्या शर्यतीत ही सोय नाही.

त्या दिवशी ती उरलेल्या तीनही फेऱ्या धावली. प्रत्येक वेळी नंबर सांगून थांबायची, मी वेळ लिहून तक्ता तिच्याकडे वळवायचे, ती चौकोनावर बोट ठेवून बघायची आणि मगच निघायची.